मधुमेही हृदयातले कीटोन

१९७२ साली रुब्लर आणि सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चौघांचंही हृदय थकून निकामी झालं होतं, पण हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत म्हणावा असा अडथळा नव्हता. मधुमेह थेट हृदयाच्या स्नायूलाही पोखरतो, हा विचार तिथून पुढे आला. आपल्याकडे मात्र आजही ब्लॉकेज नाही म्हटलं की घरचे निर्धास्त होतात, याची काळजी वाटते.

मधुमेहात इन्सुलिनचं काम बिघडतं. रक्तात साखर भरपूर, पण हृदयाच्या पेशीला ती नीट वापरता येत नाही. मग पेशी मेदाम्लांवर, म्हणजे चरबीतून मिळणाऱ्या इंधनावर, अधिकच विसंबते. अशा वेळी यकृत मेदापासून कीटोन बनवतं. त्यातलं प्रमुख म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. हृदय ते आनंदाने जाळतं, हे जुनं ज्ञान. नवं ज्ञान २०१६चं आहे. शिकागो विद्यापीठातल्या यिंगमिंग झाओ यांच्या गटाने दाखवलं की हा रेणू प्रथिनांना चिकटतोसुद्धा. उपाशी ठेवलेल्या आणि मधुमेह घडवलेल्या उंदरांच्या यकृतात असे चिकटलेले रेणू खूप वाढलेले दिसले.

चिकटतो कुठे? लायसिन या अमिनो आम्लाच्या टोकाला. त्या टोकावर धन विद्युतभार असतो आणि हिस्टोन प्रथिनं (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती) त्याच्या जोरावर ऋणभारित डीएनए घट्ट धरून ठेवतात. चार कार्बनचा हा रेणू तिथे बसला की भार नाहीसा होतो, पकड सैल पडते आणि त्या भागातली जनुकं वाचली जाऊ शकतात. पी३०० नावाचं एन्झाइम हा रेणू लावतं, एचडीएसी एन्झाइमं तो काढतात. म्हणजे रक्तातल्या कीटोनची पातळी थेट जनुकांच्या कामात हात घालते. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

कीटोनचा विषय एका मधुमेहाच्या औषधाशीही जोडला जातो, ते म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन. त्याच्या २०१५च्या एम्पा-रेग चाचणीत ७,०२० मधुमेही सहभागी होते. एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती होणं ३५ टक्क्यांनी घटलं. हे औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकतं आणि कीटोन थोडे वाढवतं. फायद्यात त्या कीटोनचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. वाटा असलाच तर तो इंधन म्हणून की प्रथिनांना चिकटून उमटवलेल्या खुणेमुळे, हे वेगळं काढण्याची एक युक्ती आहे. प्रथिनातलं नेमकं ते लायसिन बदलून तिथे आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल बसवायचं. धनभार तसाच राहतो, पण कीटोन तिथे चिकटू शकत नाही; इंधन म्हणून मात्र तो जळत राहतो.

मार्च २०२५मध्ये पेटंट संपल्यापासून भारतात एम्पाग्लिफ्लोझिनच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते: त्या घेत असताना डॉक्टरांना न विचारता कडक उपवास किंवा कीटो आहार सुरू करू नका. साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं, होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. अशा वेळी ग्लुकोमीटरचा आकडा बरा दिसला तरी कीटोन तपासून घ्यावेच लागतात.