पैसे पाठवणं सोपं, चोर ओळखणं अवघड

जुलै 1999. कॅलिफोर्नियातल्या वुडसाइड गावी 'बक्स' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये पत्रकारांना बोलावून एक गंमत दाखवण्यात आली. एका पामपायलटमधून समोरच्या पामपायलटमध्ये 30 लाख डॉलर गेले. पामपायलट म्हणजे तेव्हाची खिशात मावणारी डिजिटल डायरी. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तेच अवरक्त किरण वापरून दोन यंत्रं एकमेकांशी बोलायची. पैसे नोकियाच्या गुंतवणूक कंपनीचे होते आणि घेणारी कंपनी होती कॉन्फिनिटी. पुढे जगाला ती इंटरनेटवरून पैसे पाठवणारी 'पेपाल' म्हणून माहीत झाली.

कॉन्फिनिटी डिसेंबर 1998 मध्ये सुरू झाली. संस्थापकांपैकी कीव्हमध्ये जन्मलेला मॅक्स लेव्हचिन हा एन्क्रिप्शनवेडा, म्हणजे निरोप परक्याला वाचता येणार नाही असा सांकेतिक करण्याच्या तंत्राचा वेडा. पामच्या 16 मेगाहर्ट्झच्या अशक्त प्रोसेसरवर एन्क्रिप्शनची अवजड गणितं बसवणं हा त्याचा हातखंडा. दुसरा संस्थापक पीटर थील धंद्याची बाजू बघायचा. कुलूप तर उत्तम तयार झालं, पण आत ठेवायला काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी आत पैसे ठेवायचं ठरवलं.

या कल्पनेतली मेख कुणाच्याही लक्षात यावी. किरण पोहोचायला दोघं समोरासमोर हवेत, दोघांकडे पाम हवा. एवढं जवळ बसलोच आहोत, तर खिशातून नोट काढून द्यायला काय हरकत आहे? त्यांनी जोडीला एक वेबसाइट ठेवली होती. तिथून कुणाच्याही ईमेल पत्त्यावर पैसे पाठवता यायचे. खरं तर ती निव्वळ प्रात्यक्षिकासाठी होती, पण लोकांनी पाम बाजूला ठेवून तीच उचलली. पामवाले ग्राहक 12 हजारांच्या आसपास थांबले आणि वेबसाइटचे दहा लाखांच्या पुढे गेले. मग पामची आवृत्ती बंदच केली गेली.

ईमेलने पैसे पाठवले तरी ईमेलमधून एक सेंटही जात नाही. कंपनीच्या वहीत एकाच्या नावे वजा, दुसऱ्याच्या नावे जमा, एवढंच होतं. ईमेल फक्त आवतण देतं: तुमच्यासाठी 20 डॉलर आलेत, खातं उघडा आणि घ्या. त्यामुळे पैसे पाठवणारा प्रत्येकजण नकळत नवा ग्राहक आणायचा. वर खातं उघडणाऱ्याला 10 डॉलर आणि आणणाऱ्यालाही 10 डॉलर बक्षीस. ईबे या लिलावाच्या वेबसाइटवर जुन्या वस्तू विकणाऱ्यांना तर हे वरदानच वाटलं, कारण तोवर ते टपालाने येणाऱ्या चेकची वाट बघत बसायचे.

कॉन्फिनिटीच्याच गावात, कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोत, इलॉन मस्कची एक्स डॉट कॉम हाच धंदा करत होती. दोघीही बक्षिसं वाटून रिकाम्या होत होत्या, म्हणून मार्च 2000 मध्ये त्या एक झाल्या. काही महिन्यांतच मस्क परदेशी गेला असताना संचालकांनी त्याला प्रमुखपदावरून हटवलं. या राजकारणाच्या कथा भरपूर रंगवल्या जातात. मला मात्र त्याच काळात तिथे चाललेली चोर-पोलिसांची लढाई जास्त रोचक वाटते.

अमेरिकेत तेव्हा कार्डाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख टाकली की व्यवहार पुरा व्हायचा. (आपल्याकडे ऑनलाइन कार्डव्यवहारात पासवर्ड किंवा ओटीपीसारखा जादा पुरावा रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये सक्तीचा केला.) चोर चोरलेल्या कार्डावरून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायचा आणि काढून घ्यायचा. महिनाभराने खरा कार्डधारक बिल बघून तक्रार करायचा, बँक त्याचे पैसे परत द्यायची आणि भुर्दंड पेपालवर. 2000 साली हे नुकसान महिन्याला कोटी डॉलरच्या घरात गेलं. लेव्हचिनचं एन्क्रिप्शन इथे निरुपयोगी होतं. निरोप वाटेत कुणी फोडतच नव्हतं. निरोप पाठवणाराच खोटा होता.

मग उपाय निघाले. पहिला शत्रू यंत्रमानवी प्रोग्राम, जे बक्षिसासाठी आणि चोरीसाठी हजारो खाती उघडायचे. त्यांना अडवायला कंपनीतला अभियंता डेव्हिड गॉसबेक आणि लेव्हचिन यांनी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारी परीक्षा बसवली. आज आपण वैतागतो तो कॅप्चा मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांपैकी हे एक. दुसरा उपाय बँक खात्यासाठी. ग्राहकाने सांगितलेल्या खात्यात एक डॉलरहून कमी अशा दोन रकमा टाकायच्या आणि त्या किती होत्या ते विचारायचं. खातं त्याचंच असेल तरच उत्तर येणार. आपल्याकडे काही ॲप खात्यात एक रुपया टाकून बघतात, तो याचाच भाऊबंद.

तिसरा उपाय सगळ्यात हुशार. 'इगोर' हे टोपणनाव घेऊन एक भामटा त्यांना छळत होता. त्याच्यावरूनच एका प्रोग्रामला इगोर नाव पडलं. हा प्रोग्राम व्यवहारांचं जाळं चित्ररूपात मांडून संशयास्पद आकृतिबंध दाखवायचा आणि शेवटचा निर्णय माणूस घ्यायचा. यंत्राला एकट्याने निवाडा करू न देण्यातच शहाणपण होतं.

याच बळावर पेपाल तगली. ईबेने स्वतःची बिलपॉइंट ही पैसे देण्याची सेवा पुढे रेटून पाहिली, पण विक्रेते पेपाल सोडेनात. फेब्रुवारी 2002 मध्ये पेपालचे शेअर बाजारात आले आणि त्याच वर्षी ईबेने सुमारे दीड अब्ज डॉलर मोजून पेपाल विकत घेतली, बिलपॉइंट गुंडाळली. 2015 मध्ये पेपाल पुन्हा वेगळी झाली. भारतातली देशांतर्गत सेवा तिने 1 एप्रिल 2021 पासून बंद केली. इथे बँकेतून थेट बँकेत पैसे नेणारं यूपीआय 2016 पासूनच आलं होतं. परदेशी ग्राहकाकडून पैसे घेणाऱ्या इथल्या व्यावसायिकांसाठी मात्र पेपाल चालू राहिली.