रूळ आहेत, गाडी नाही: शेजारच्या शहरांना जोडणाऱ्या रेल्वेच्या मागणीची पार्श्वभूमी

लिव्हरपूल आणि मँचेस्टर ही शहरं एकमेकांपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. बंदरात उतरलेला कापूस गिरण्यांपर्यंत न्यायला कालवे होते, पण कालवेवाले मनाला येईल तो दर लावत. वैतागलेल्या व्यापाऱ्यांनी रेल्वेचा घाट घातला तो या मालासाठी. १८२५ साली त्यांचं पहिलं विधेयक संसदेत आपटलं. जमीनदारांनी मोजणीदारांना शेतात पाऊल ठेवू दिलं नव्हतं, त्यामुळे अभियंता जॉर्ज स्टीफन्सनच्या मोजणीत चुका राहून गेल्या होत्या, आणि विरोधकांच्या वकिलांनी त्या समितीपुढे एकेक करून उघड्या पाडल्या. नव्याने मोजणी करून पुढच्या वर्षी मंजुरी मिळवली. १५ सप्टेंबर १८३० ला रेल्वे सुरू झाली आणि सगळे हिशेब चुकले. मालापेक्षा माणसंच जास्त चढली. सुरुवातीची कमाई मुख्यतः तिकिटांतून झाली.

दोन शहरांमधली प्रवासी गाडी जन्मली ती अशी, मालाच्या रुळांवर आगंतुक म्हणून. पुढच्या दोनशे वर्षांत बहुतेक ठिकाणी वाद पेटला तो दोनच गोष्टींवरून: रूळ कोणाचे आणि तोटा कोणाचा.

माणसांना न्यायलाच हवं, हे सांगायला लवकरच कायदा करावा लागला. तेव्हाचे मंत्री ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने १८४४ साली ब्रिटनमध्ये तो झाला. दिवसातून निदान एक गाडी, सगळ्या स्थानकांवर थांबणारी, थांबे धरून ताशी १२ मैल, आणि भाडं मैलाला एक पेनी. ‘पार्लमेंटरी ट्रेन’ हे नाव तेव्हाचं. गंमत म्हणजे आज ब्रिटनमध्ये हाच शब्द भलत्याच गाडीला लावतात. मार्ग रीतसर बंद करायची प्रक्रिया किचकट, म्हणून आठवड्यातून एखादी रिकामी फेरी मारून तो कागदावर जिवंत ठेवायचा.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘इंटरअर्बन’ विजेच्या गाड्यांचं पीक आलं. गावातल्या ट्रामचीच ही थोरली बहीण, शेजारच्या शहरापर्यंत जाणारी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांचं जाळं १५,००० मैलांच्या वर गेलं होतं. मग मोटारी आल्या आणि दोन दशकांत त्यातलं फारसं काही उरलं नाही.

ब्रिटनमध्ये घाव बसला तो आकडेवारीचा. ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांच्या २७ मार्च १९६३ च्या अहवालाने २,३६३ स्थानकं बंद करायला सांगितलं. त्यामागची प्रवासीगणना होती एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याची. उन्हाळ्यात माणसांनी फुलणाऱ्या समुद्रकाठच्या गावांची गर्दी एप्रिलात कशी दिसणार? आज एखाद्या प्रस्तावात प्रवासीसंख्येचा अंदाज वाचताना मी आधी तो कोणत्या दिवसांवर बेतलाय ते पाहतो.

ऑक्सफर्ड–केंब्रिज मार्ग तर त्या यादीत नव्हताच, तरी १९६७ अखेर त्याच्या दोन्ही टोकांच्या गाड्या थांबल्या. मधला ब्लेचली–बेडफर्ड तुकडा तेवढा चालू राहिला. केंब्रिजजवळचा मोकळा झालेला रुळांचा सरळसोट पट्टा खगोलशास्त्रज्ञांच्या डोळ्यांत भरला आणि पाच किलोमीटर लांबीची रेडिओ दुर्बीण तिथे उभी राहिली. तोच मार्ग आता टप्प्याटप्प्याने पुन्हा उभारायचं चाललंय, पण जुन्या वाटेने सरळ केंब्रिज गाठायची सोय राहिलेली नाही. गाडी बंद झाली तरी जागा राखून ठेवा, हा शहाणपणा असा उशिरा येतो.

स्कॉटलंडमधलं एडिंबरा आणि इंग्लंडमधलं कार्लाइल यांना जोडणाऱ्या मार्गावरची शेवटची गाडी जानेवारी १९६९ मध्ये न्यूकॅसलटन गावात अडली. गावकऱ्यांनी फाटक बंद करून ठेवलं होतं. पोलिसांनी पाद्रीबुवांनाच धरलं आणि गाडीत असलेल्या खासदारांना उतरून मध्यस्थी करावी लागली. एडिंबऱ्याकडचा भाग पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०१५ उजाडलं.

मधल्या काळात एक छोटी पण कामाची दुरुस्ती झाली. १९८१ च्या कायद्याने ‘प्रायोगिक’ सेवा सुरू करायची मुभा दिली: नाही चालली तर बंद करण्याच्या लांबलचक प्रक्रियेविना मागे घेता येईल. पाठीमागचं दार उघडं आहे म्हटल्यावर अधिकारी पुढचं दार उघडायला धजावले, आणि अनेक बंद मार्गांवर गाड्या परतल्या.

अमेरिकेत १ मे १९७१ ला सरकारी प्रवासी-रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅक आली. बहुतेक खाजगी कंपन्यांनी प्रवासी अंगावरून झटकले, रूळ मात्र आपल्याकडे ठेवले. बॉस्टन ते मेन राज्यातलं पोर्टलंड या गाडीसाठी नागरिकांनी १९८९ मध्ये संघटना काढली. गाडी धावली १५ डिसेंबर २००१ ला. रूळ तिथे होतेच, मालगाड्या धावतही होत्या. ताशी ७९ मैलांना परवानगी द्यायची का, यावरून मालक कंपनीशी वाद थेट नियामक मंडळापर्यंत गेला. मालकाची अडचणही अगदीच खोटी नसते. एकेरी मार्गावर संथ मालगाडीमागून वेगवान गाडी सोडायची तर मालगाडीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं करावं लागतं. वेगातला फरक जितका मोठा, तितका वेळापत्रकातला मोकळा तुकडा मोठा. तोट्याचा प्रश्न पुढे कायद्यानेच निकाली काढला: ७५० मैलांहून कमी अंतराच्या मार्गांचा भार ऑक्टोबर २०१३ पासून त्या त्या राज्यावर. जर्मनीने हे १९९६ मध्येच केलं होतं, पण तिथे जबाबदारीबरोबर केंद्राचा पैसाही राज्यांकडे गेला. फरक लहान नाही.

स्वित्झर्लंडने वेगळीच सुरुवात केली. १९८२ पासून देशभर दर तासाला ठरल्या मिनिटाला गाडी. १९८७ च्या सार्वमतात लोकांनी पुढच्या विस्ताराला कौल दिला. आधी वेळापत्रक मांडायचं, मग त्याला लागतील तेवढे रूळ टाकायचे. बर्न–झुरिकदरम्यान २००४ मध्ये नवा मार्ग खुला झाला तो प्रवास तासाच्या आत बसवण्यासाठी, कारण तासाच्या ठोक्याला पुढच्या गाड्या दोन्ही स्थानकांत उभ्या असतात. आणखी खर्च करून दहा मिनिटं वाचवली असती, तरी पुढची गाडी धरणाऱ्याने ती फलाटावरच काढली असती.