फर्माला चकवणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७. २ चा ३२वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ही संख्या मिळते. दिसायला विषम, ३, ५, ७, ११ यांपैकी कशानेही भाग न जाणारी. सतराव्या शतकातला थोर फ्रेंच गणिती पिएर द फर्मा तिला मूळ संख्या समजत होता.

त्याचं कारण समजण्यासारखं आहे. ३ पासून सुरुवात करा. संख्येतून १ वजा करा, वर्ग करा, पुन्हा १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी मालिका येते आणि ही पाचही पदं मूळ संख्या आहेत. सहावं पद म्हणजे आपली संख्या. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने तिचे अवयव काढले: ६४१ × ६७,००,४१७.

हे ६४१ सापडलं कसं? एकेक मूळ संख्या घेऊन भाग देत बसायचं, तर आपल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत, साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. पण या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते, हे ऑयलरने सिद्ध केलं. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१! पुढे एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युका याने ६४ च्या जागी १२८ आणलं, तेव्हा तपासायला उरल्या फक्त २५७ आणि ६४१. आता मालिकेतली पहिली पाच पदं एकमेकांशी गुणून पाहा: ४,२९,४९,६७,२९५. आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी! २५७ ने दोन्हींना भाग गेला असता, तर त्यांच्यातल्या फरकालाही, म्हणजे २ लाही, गेला असता. म्हणून २५७ बाद आणि पहिलाच उमेदवार ६४१.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे पडताळता येतं, आणि मला तर हा सगळ्यात देखणा भाग वाटतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते. चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ चालतं. १६ म्हणजे २ चा चौथा घात, त्यामुळे २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ येते. त्यात १ मिळवला की शून्य.

फर्माचाच एक प्रसिद्ध नियम आहे: विषम मूळ संख्या घ्या, तिच्यापेक्षा एकने लहान घातांक घेऊन २ चा घात करा, त्याला त्या मूळ संख्येने भागा, बाकी १ येते. आपली संख्या मूळ नसूनही या कसोटीला उतरते! तिचं बिंग दुसरीकडे फुटतं. ती ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही. मूळ संख्या अशी दोन प्रकारे कधीच मांडता येत नाही.

मालिकेतली पुढची कित्येक पदं तपासून झाली आहेत. सहावी मूळ संख्या अजून मिळालेली नाही, आणि ती नसणारच याची सिद्धताही कुणी दिलेली नाही.