थर्मल पेस्ट

थर्मल पेस्ट : संगणकाचा प्रोसेसर आणि त्यावर बसवलेला हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) यांच्यामधली हवा हुसकावून उष्णतेला वाट करून देणारा लेप. आरशासारखे गुळगुळीत दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तरी प्रत्यक्षात ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात आणि मधल्या खळग्यांत हवा अडकून राहते. हवेची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ०.०२६ वॅट, तर तांब्याची ४००च्या आसपास असते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेस्टच्या नळीवर याच वाहकतेचा ४ ते १२ यांमधला एखादा आकडा छापलेला असतो. तांब्यापुढे पेस्ट सुमार ठरते. हवेपेक्षा मात्र ती शेकडो पटींनी सरस आहे. त्यामुळे ती खळगे भरण्यापुरतीच हवी, जाड थर झाला तर तीच अडसर बनते.

पेस्टचा पाया बहुधा सिलिकॉन तेलाचा असतो. त्यात झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडची बारीक भुकटी मिसळलेली असते. महागड्या पेस्टमध्ये चांदीचे किंवा हिऱ्याचे कणही असतात. या महागपणाचा उपयोग किती, हे साध्या गणिताने कळते. डेस्कटॉप प्रोसेसरच्या सिलिकॉन चकतीवर धातूचे झाकण असते. ३० मिमी × ३० मिमी झाकणाच्या प्रोसेसरवर ०.०५ मिमी जाडीचा थर आहे आणि त्यातून १०० वॅट उष्णता जात आहे असे धरू. वाहकता ५ असेल तर त्या थरापायी तापमानात जेमतेम १ अंशाची भर पडते. १० असेल तर अर्ध्या अंशाची. पेस्ट असणे आणि नसणे यांत मशीन चालण्या-बंद पडण्याइतका फरक आहे, चांगली आणि अतिउत्तम यांत तो हाताला जाणवणारही नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर असे झाकण नसते आणि लहानशा सिलिकॉन चकतीवर हीटसिंक थेट टेकतो. तिथे क्षेत्रफळ कमी असल्याने पेस्टच्या प्रतीला जास्त महत्त्व येते.

प्रोसेसर जितकी वीज घेतो तितका तापतो. इंटेलचा १९९३ सालचा पहिला पेंटियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट घेत असे. २०२३ साली आलेल्या इंटेल कोअर आय९-१४९००केची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. मधल्या काळात इंटेलने २०१२ साली तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चकती आणि झाकण यांच्यामधले झाळकाम काढून तिथे पेस्ट घातली. हे प्रोसेसर अधिक तापतात अशी ओरड झाली, आणि हौशी लोक झाकणे उचकटून आतली पेस्ट बदलू लागले.

गोव्यातली परिस्थिती : मशीन तापू लागले की म्हापसा असो वा मडगाव, ‘पेस्ट मारून घे’ हा पहिला सल्ला मिळतो. तो नेहमीच बरोबर असतो असे नाही. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्याने निर्माण केलेल्या उष्णतेमुळे चढलेले अंश. बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर बत्तीस अंशांच्या खोलीत ८० दाखवणार, आणि त्यात पेस्टचा काहीच दोष नसतो. पणजीचे दुपारचे तापमान मे महिन्यात ३३च्या आसपास असते, डिसेंबरातही फारसे कमी नसते, आणि पावसात उलट उतरते. दमट हवेमुळे मशीन तापते हा समज मात्र चुकीचा आहे. दमट हवेत माणूस कासावीस होतो कारण घाम सुकत नाही. हीटसिंकला घाम येत नाही, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने तो पूर्वीइतकाच थंड होतो.

दमटपणा नुकसान करतो ते वेगळ्या वाटेने. किनाऱ्यालगतच्या कळंगुट, बाणावली, वास्को अशा भागांत वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून ओले होते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात आर्द्रता ही रेषा सहज ओलांडते. मग हीटसिंकच्या पात्यांवरची धूळ सुटी राहत नाही, चिकटून तिचा नमदा होतो. ब्लोअरने वारा मारला तरी तो हलत नाही, कुंचल्याने खरवडावा लागतो. मिठातल्या क्लोराइडमुळे अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांना पांढरट खड्डेही पडतात. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात आणि खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यालगत तांबडी बारीक भुकटी असते. ती पंख्याच्या बेअरिंगपर्यंत पोचते, आणि पंखा आधी घरघरतो, मग मंदावतो. संगणकाच्या टेबलाला कॅबिनेटसाठी दाराचा कप्पा असतो, ही आणखी एक अडचण. दार लावले की पंखा आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो. अशा वेळी कप्प्याचे दार काढून टाकणे हा नव्या पेस्टपेक्षा प्रभावी आणि फुकटातला इलाज आहे.

पेस्ट लावण्याची रीत : जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, ते ९० टक्क्यांहून तीव्र असावे. सॅनिटायझर वापरू नये, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. झाकणाच्या मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) बसणाऱ्या प्रोसेसरच्या लांबट झाकणावर एक रेघ ओढलेली बरी. बोटाने पसरायची गरज नाही, दाबाने ती आपोआप पसरते. कूलरचे (हीटसिंक आणि पंखा यांच्या जोडीचे) स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावेत. नव्या कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक काढायचे राहून जाणे हे इतके सर्रास घडते की दुरुस्तीला आलेल्या नव्या मशीनमध्ये आधी तेच पाहावे. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या एएम४ सॉकेटवर कूलर सरळ वर ओढू नये. सुकलेल्या पेस्टने चिकटलेला प्रोसेसर त्याच्याबरोबर उपसून येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, मग कूलर हलकेच फिरवून सोडवावा.

डेस्कटॉपची पेस्ट साधारणपणे काही वर्षे टिकते. लॅपटॉपमध्ये तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत ती कडेला ढकलली जाते. म्हणून तिथे सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन बसणारे फेज-चेंज पॅड अधिक टिकाऊ ठरतात. गॅलियम, इंडियम आणि कथिलाचा द्रवधातू सर्वांत उत्तम वाहक असला तरी तो वीजवाहक आहे आणि अ‍ॅल्युमिनियमला पोखरतो. अ‍ॅल्युमिनियम तळाच्या कूलरवर तो लावूच नये.

पेस्टला हात न लावताही तापमान उतरवता येते. बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) प्रोसेसरची वीजमर्यादा कमी केली, तर वेग थोडा घटतो आणि उष्णता त्याहून बरीच घटते. विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के ठेवली की टर्बो (गरजेपुरता वेग वाढवण्याची सोय) बंद होतो, आणि कार्यालयीन कामात तो फरक सहसा कळत नाही. पण प्रत्येक मोठा आकडा म्हणजे बिघाड नव्हे. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांना स्वतःच वेग कमी करतात.

थंड करण्यालाही गोव्यात मर्यादा आहे. पावसाळ्यात इथला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतल्या बाष्पाचे पाणी होते तो, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. पेल्टियर पट्टी (विजेवर एक बाजू गार करणारी चकती) लावून किंवा अन्य मार्गाने एखादा भाग त्याखाली नेला की त्यावर पाणी सुटते. वीस अंशांच्या खोलीत रात्रभर बंद पडून असलेल्या संगणकाचेही तेच होते : सकाळी वातानुकूलन बंद करून खिडक्या उघडल्या की गार धातूवर दव धरते. खोलीतली हवा आणि मशीन सारख्या तापमानाला येईपर्यंत ते सुरू करू नये.