साहेबांचे विकिपीडिया पान: पगारी संपादकाने आधी काय करायचे

जनसंपर्क विभागात नवीन लागलेल्या माणसाकडे हे काम हमखास येते: "साहेबांचं विकिपीडियावर पान टाकून दे." तो खाते उघडतो, कंपनीच्या संकेतस्थळावरचा परिचय उचलून चिकटवतो आणि दुसऱ्या दिवशी पान गायब. जोडीला कधी खातेही बंद. पान जाते कारण मजकूर कॉपी केलेला आणि जाहिरातवजा असतो. खाते जाते कारण आपण पगारी आहोत हे सांगितलेले नसते. पुढची माहिती इंग्रजी विकिपीडियापुरती आहे. हितसंबंध जाहीर करण्याची अट मात्र विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये वापराच्या अटींतच घातली, त्यामुळे मराठी विकिपीडियावर लिहितानाही ती पाळायची.

ही अट कोणाला? "मला याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, मग मी पगारी कसा?" इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. प्रसिद्धीचे काम तुमच्या नोकरीत येत असेल तर तुम्ही पगारी संपादकच. इंटर्नशिपचा भाग म्हणून संपादन करायला सांगितले असेल, तर इंटर्नलाही हेच लागू. गोपनीयतेचा करार केलाय, ही सबब चालत नाही. नाव सांगता येत नसेल तर ते काम घेऊ नका.

खाते. एका माणसाचे एक. "अमुक कंपनी पीआर टीम" अशा नावाचे खाते बंद होते. "सुनील, अमुक कंपनी" चालते. पासवर्ड विभागात फिरवायचा नाही.

जाहीर निवेदन. तीन गोष्टी लागतात: पैसे कोण देतो, काम कोणासाठी, आणि इतर संबंध काय. एजन्सीतले लोक फक्त एजन्सीचे नाव देतात आणि ज्याच्यासाठी लिहिले त्या ग्राहकाचे गाळतात. ते निवेदन अपुरे ठरते. मजकूर साधा असू द्या: "मी अमुक एजन्सीत नोकरीला आहे. तमुक कंपनीने एजन्सीला हे काम दिले असून हा लेख त्या कंपनीच्या अध्यक्षांविषयी आहे." हे सदस्यपानावर (तुमच्या खात्याचे पान), लेखाच्या चर्चापानावर (लेखाबद्दल बोलायचे जोडपान) किंवा संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायची छोटी टीप) टाकता येते. सदस्यपानावर 'पेड' साचा (तयार सूचना-चौकट) लावणे उत्तम. कोणी विचारल्यावर सांगू, असे ठरवू नका. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल वेळेसकट राहतो आणि उशिरा दिलेली कबुली लपवाछपवीच वाटते. २०१५ मध्ये न सांगता पैसे घेऊन लिहिणारी ३८१ खाती एकाच प्रकरणात बंद झाली. तेव्हापासून तपासणारे जास्तच सावध आहेत.

पान आधीच असेल तर लेखाला थेट हात लावू नका. उघड नासधूस, शुद्धलेखन किंवा व्यक्तीची निराधार बदनामी काढायला हरकत नाही. बाकी सगळे चर्चापानावर, 'एडिट सीओआय' (हितसंबंध असलेल्याची बदलाची विनंती) साचा लावून. "माहिती अद्ययावत करावी" अशी विनंती कोणी घेत नाही. असे लिहा: "दुसऱ्या परिच्छेदातील 'कार्यकारी संचालक' काढून 'अध्यक्ष' करावे, संदर्भ: अमुक दैनिक, अमुक तारीख." एका विनंतीत एक-दोनच बदल. उत्तर देणारे स्वयंसेवक असतात, आठवडे जातात. त्यांची उत्तरे बऱ्याचदा नियमांच्या संक्षेपांतच येतात, नवख्याला त्यातून काही कळत नाही. अशा वेळी शांतपणे "नेमका कोणता संदर्भ कमी पडतोय?" एवढेच विचारा. सहकाऱ्यांना पाठिंबा द्यायला बोलावलेत तर मात्र सगळ्यांचीच खाती अडचणीत येतात.

नवीन पान हवे असेल तर मसुदा लिहून परीक्षणाला पाठवायचा. कोणाकडेच नसलेला कागद इथे लागतो: त्या व्यक्तीबद्दल तिच्याशी संबंध नसलेल्या कोणीतरी, विश्वासार्ह ठिकाणी, सविस्तर लिहिलेले. असे निदान तीन लेख हाताशी असल्याशिवाय मसुदा सुरूच करू नका. मुलाखत, प्रसिद्धिपत्रकावरून आलेली बातमी, 'ब्रँड डेस्क'चा म्हणजे वृत्तपत्राने पैसे घेऊन छापलेला मजकूर, विकतचा पुरस्कार यांतले काही धरत नाहीत. भारतीय वृत्तपत्रांत पैसे देऊन बातम्या छापून येतात हे परीक्षकांना माहीत आहे. जन्मतारखेसाठी आधार किंवा पॅन कार्ड अपलोड करू नका. ते पुरावा ठरत नाही आणि खासगी माहिती मात्र जगभर उघडी पडते. तारीख व्यक्तीने स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेली असेल तर चालते.

मुदतीचा घोळही नेहमीचा. मसुद्याचा निकाल सहा महिन्यांत लागतो असे लोक समजतात, पण ते सहा महिने निकालासाठी नाहीत. मसुद्यात सहा महिने काहीच बदल झाला नाही तर तो काढला जातो, आणि विनंती केल्यास बहुधा परतही मिळतो. परीक्षकाचा शेराही नीट वाचा: 'डिक्लाइन्ड' म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवा, 'रिजेक्टेड' म्हणजे विषयच बसत नाही, थांबा.

छायाचित्र. हक्क कोणाकडे आहे ते आधी पाहा, छायाचित्रकाराशी झालेला करार काढा. हक्कधारकानेच ईमेलने मुक्त परवाना द्यावा लागतो. "फक्त विकिपीडियासाठी" किंवा "व्यावसायिक वापर वगळून" अशी परवानगी कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाची चित्रे जिथे ठेवतात त्या भांडारात, चालत नाही.

आणि हे साहेबांना पहिल्याच दिवशी सांगा: पान झाले तरी ते कंपनीच्या ताब्यात नसते. उद्या एखादा वाद वर्तमानपत्रांत गाजला, तर तो संदर्भासह तिथे येईल आणि तुम्हाला तो पुसता येणार नाही.