ज्वालामुखी निरीक्षण

जागृत ज्वालामुखीच्या पोटात काय चालले आहे, याचा उपकरणांनी आणि प्रत्यक्ष पाहणीने सतत माग ठेवणे म्हणजे ज्वालामुखी निरीक्षण. भूकंप नेमका कधी होणार हे आजही सांगता येत नाही. ज्वालामुखीचे तसे नाही. शिलारस वर चढू लागला की वाटेतले खडक फुटतात, डोंगर फुगतो, वायू बाहेर पडतात. वादळे सोडली तर इतकी वर्दी देऊन येणारी आपत्ती विरळाच. अडचण अशी की प्रत्येक वर्दीमागोमाग उद्रेक होतोच असे नाही, आणि ती ऐकायला तिथे आधीपासून कोणीतरी असावे लागते.

जगातली पहिली ज्वालामुखी वेधशाळा १८४१ मध्ये नेपल्सजवळ व्हेसूव्हियसच्या उतारावर स्थापन झाली. तिथल्या लुईजी पाल्मिएरी यांनी १८५६ मध्ये विद्युतचुंबकीय भूकंपलेखक तयार केला. १८७२ च्या उद्रेकात इमारतीच्या दोन्ही अंगांनी लाव्हा वाहत असतानाही ते नोंदी करत बसून राहिले. पुढे ८ मे १९०२ रोजी कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावरच्या पेले पर्वताने सेंट-पिएर हे भरभराटीचे बंदर सुमारे २८,००० माणसांसह काही मिनिटांत संपवले. तो विध्वंस पाहून आलेल्या थॉमस जॅगर या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने उद्रेकानंतर धावत जाण्यापेक्षा ज्वालामुखीच्या उशाशी मुक्काम करायचे ठरवले. १९१२ मध्ये हवाईतील किलाउएआच्या काठावर सुरू झालेली वेधशाळा हे त्याचे फळ.

साधने : सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे साधन भूकंपमापक. खडक तडकला की टोकदार, चटकन विरणारा धक्का उमटतो. भेगांतून द्रव किंवा वायू रेटला जात असेल तर लांबट, मंद कंपने उमटतात. जाणकार माणूस नुसत्या आलेखावरून दोन्हींतला फरक ओळखतो. डोंगराचे फुगणे कलमापकाने मोजतात. एक किलोमीटर लांबीच्या दांडीचे एक टोक एका मिलिमीटरने उचलले तर जेवढा कल येईल, तेवढाही त्याला कळतो. जीपीएस आणि रडार उपग्रह हेच काम मोठ्या टापूवर करतात. कधी उपकरणाचीही गरज उरत नाही : १९८० च्या वसंतात अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताची उत्तर बाजू दिवसाला दीड-दोन मीटर बाहेर येत होती, आणि १८ मे रोजी तीच बाजू कोसळून स्फोट झाला. वायूंत लक्ष असते ते सल्फर डायऑक्साइडवर, कारण हवेत तो एरवी नगण्य असतो. तो वाढला म्हणजे ताजा शिलारस वर आला, असा सरळ अर्थ निघतो.

याच्या जोडीला एक काम असते, ज्यात तारा नाहीत की पडदे नाहीत : डोंगराभोवतीच्या जुन्या थरांचा नकाशा. मागच्या वेळी राख, चिखल आणि तप्त लोट (उतारावरून वेगाने धावणारे गरम राख, वायू व दगड) कुठवर गेले होते हे त्यातून कळते.

आर्मेरो, १९८५ : कोलंबियातील नेवादो देल रुइझ हा ५,३०० मीटरहून उंच, बर्फाच्छादित ज्वालामुखी १९८४ च्या अखेरीपासून अस्वस्थ होता. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये धोक्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात आर्मेरो हे गाव चिखलाच्या वाटेवर दाखवले होते. खरे तर गाव वसले होते तेच १८४५ च्या चिखल-लोंढ्याच्या गाळावर. १३ नोव्हेंबरला दुपारी राख पडू लागली. लोकांना घरातच शांत बसायला सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला, पण पावसापाण्याच्या अंधारात शिखर कोणाला दिसत नव्हते. उद्रेक तसा मध्यमच. मात्र त्याने माथ्यावरचे बर्फ वितळवले आणि पाणी, राख व दगडगोट्यांचा लोंढा (जावा बेटावरच्या शब्दात ‘लाहार’) नदीच्या पात्रातून ७० किलोमीटरहून अधिक अंतर कापत साडेअकराच्या सुमारास गावात शिरला. त्या रात्री सुमारे २३,००० माणसे गेली. उद्रेक आणि लोंढा यांत दोन तासांहून जास्त वेळ होता. एवढ्या वेळात चालतसुद्धा उंचावर जाता आले असते. उपकरणे होती, नकाशा होता, तज्ज्ञही होते. नव्हती ती त्यांच्याकडून गावापर्यंत येणारी शेवटची कडी.

या धक्क्यातूनच अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८६ मध्ये एक फिरते पथक उभारले. उपकरणे पेट्यांत भरून ठेवायची आणि एखाद्या देशाने बोलावले की निघायचे, अशी त्याची रीत.

पिनातुबो, १९९१ : फिलिपीन्समधील लुझॉन बेटावरचा हा डोंगर सुमारे ५०० वर्षे निपचित होता. त्याच्या रानात आएता आदिवासींची वस्ती होती आणि पायथ्याशी अमेरिकेचा मोठा हवाई तळ. २ एप्रिलला माथ्याजवळ वाफेचे स्फोट झाले. रायमुंडो पुनोंगबायान यांच्या नेतृत्वाखालील फिलिपीन्सच्या ज्वालामुखी व भूकंप संस्थेने भूकंपमापके बसवली. अमेरिकेचे पथकही येऊन मिळाले. जुने थर तपासले तेव्हा कळले की हा डोंगर क्वचित उठतो, पण उठतो तेव्हा मोठाच उठतो. हवाई तळाच्या आसपासची जमीनही त्याच्याच जुन्या लोटांची होती.

मे महिन्याच्या मध्यावर सल्फर डायऑक्साइड दिवसाला सुमारे ५०० टन होता; २८ मेला तो ५,००० टनांवर गेला. मग एकाएकी अगदी थोडा उरला. खरी परीक्षा इथे होती. वायू कमी झाला म्हणजे डोंगर शांत झाला, असे म्हणून सगळ्यांना घरी पाठवता आले असते. पण धक्के थांबले नव्हते. कुकरची शिट्टी अडकली की वाफ येईनाशी होते, म्हणून कोणी निर्धास्त होत नाही. वाट बुजली असून आत दाब चढतो आहे, असा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. ९ जूनला इशाऱ्याची सर्वोच्च, पाचवी पातळी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी हवाई तळावरून सुमारे १४,५०० माणसे हलवली गेली.

अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना पटवायला आलेख पुरले नाहीत, हेही सांगायला हवे. उपयोगी पडली ती फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ मोरिस क्राफ्ट यांनी जगभरच्या उद्रेकांची दृश्ये जोडून केलेली एक चित्रफीत. ती पाहून लोक उठले. क्राफ्ट पती-पत्नी मात्र त्याच जूनच्या ३ तारखेला जपानमध्ये उन्झेनच्या तप्त लोटात सापडून गेले.

१५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. राखेचा स्तंभ सुमारे ३५ किलोमीटर चढला. नेमके त्याच दिवशी चक्रीवादळ येऊन धडकले. पावसात भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळली आणि शेकडो माणसे दगावली ती बहुतांशी त्यामुळे. स्थलांतर झाले नसते तर आणखी किमान ५,००० जीव गेले असते, असा अंदाज आहे.

मर्यादा : पिनातुबोचे यश नियम मानू नये. १९७६ मध्ये कॅरिबियनमधील ग्वादलूप बेटावर सुमारे ७०,००० लोकांना महिनोन्‌महिने घराबाहेर ठेवले आणि मोठा उद्रेक झालाच नाही. उलट २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानचा ओंताके इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची असताना फुटला; शनिवारी चढायला आलेल्यांपैकी ६३ जण मेले किंवा बेपत्ता झाले. नुसत्या वाफेचे असे स्फोट आजही चकवतात.

निरीक्षणाची गरज फक्त पायथ्याच्या गावांना असते असेही नाही. २४ जून १९८२ रोजी लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला निघालेल्या विमानाची चारही इंजिने जावाजवळ गालुंगगुंगच्या राखेने बंद पडली; राख इंजिनात वितळून काचेसारखी चिकटते. खूप खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली. आज राखेच्या ढगांचा माग ठेवणारी नऊ केंद्रे जगभर आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातील हायली गुब्बीची राख अरबी समुद्र ओलांडून भारतावर आली तेव्हा विमाने रद्द करण्याचे निर्णय अशाच सूचनांवर झाले.

भारतात : महाराष्ट्राचा काळा पत्थर लाव्हाचाच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीत आज भूकंपमापके आहेत ती कोयनेच्या धक्क्यांसाठी. देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील निर्मनुष्य बॅरन बेटावर, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून जवळच समुद्रतळाचे नमुने घेत असताना त्याने राख फेकायला सुरुवात केली. दिवसा नुसता राखेचा ढग दिसे. सूर्य मावळल्यावर विवरातून उसळणारी लाल कारंजी आणि उतारावरून ओघळणारा लाव्हा दिसू लागला. एरवी या बेटाची खबर मिळते ती उपग्रहांनी टिपलेल्या उष्णतेवरून आणि जवळून जाणाऱ्या जहाजांकडून.