मधल्या मुक्कामावर चेक-इन बॅग हातात हवी असेल तर

काउंटरवर बॅगेच्या मुठीला गुंडाळतात ती लांब कागदी पट्टी, म्हणजे टॅग, आपण बहुतेक वेळा घरी पोचल्यावर, कात्रीने कापताना बघतो. ती बघायची वेळ खरं तर काउंटरवरच असते. पट्टीवर ठळक टाइपात जी तीन अक्षरं असतात, तिथे तुमची बॅग बेल्टवर येणार. दुबईसाठी डीएक्सबी, मुंबईसाठी बीओएम, पुण्यासाठी पीएनक्यू. समजा तुम्ही शिकागोहून दुबईमार्गे मुंबईला निघालात, दुबईत अठरा तासांचा मुक्काम आहे आणि पट्टीवर बीओएम ठळक छापलंय, तर दुबईच्या बेल्टपाशी कितीही वेळ उभे राहा, बॅग येणार नाही. ती आतल्या आत पुढच्या विमानाकडे गेलेली असते.

मधेच बॅग काढून घेण्यासाठी छापील अर्ज नसतो. पहिल्या काउंटरवर तोंडी सांगणं हाच अर्ज, आणि बदललेला टॅग ही त्याची मंजुरी. विमान कंपन्यांचे लोक याला ‘शॉर्ट चेक’ म्हणतात. म्हणून बॅग वजनाला ठेवतानाच स्पष्ट सांगा: बॅग फक्त दुबईपर्यंत टॅग करा, दुबईत मी बाहेर पडणार आहे. टॅग छापून चिकटवल्यावर आणि बॅग पट्ट्यावरून आत गेल्यावर आठवण झाली, तर काम अवघड होऊन बसतं. वेबवर किंवा किऑस्कवर चेक-इन केलं असेल आणि टॅगही स्वतःच छापायचा असेल, तर तसं करू नका. माणूस बसलेल्या काउंटरवर जा.

विनंती कोणाची मान्य होते?

मधला मुक्काम 24 तासांपेक्षा जास्त असेल तर प्रश्न सहसा मिटतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात एवढ्या मुक्कामाला ‘स्टॉपओव्हर’ धरतात आणि बॅग साधारणपणे तिथेच हातात देतात. तरीही टॅग वाचायचाच. दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तरी बॅग बहुधा पहिल्या तिकिटाच्या शेवटापर्यंतच जाते.

अडचण येते ती एकाच तिकिटावरच्या, दहा-बारा किंवा वीस तासांच्या मुक्कामात. किती तासांच्या वर बॅग द्यायची हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. काही देतात, काही साफ नाही म्हणतात. म्हणून तिकीट काढल्यावर कंपनीच्या ग्राहकसेवेला चॅटवर किंवा ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर फोनमध्ये ठेवा. फोनवर ‘हो हो, होईल’ असं कोणी म्हणालं, तर त्याचा काउंटरवर काडीचा उपयोग होत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

काउंटरवरचा माणूस कां-कूं करतो त्याचं कारण पैशाचं आहे. कधीकधी लांबचं तिकीट जवळच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं, आणि काही जण ते काढून मधेच उतरून जातात. बॅग पुढे गेली तर हा डाव जमत नाही, त्यामुळे मधेच बॅग मागणाऱ्याकडे जरा संशयाने पाहिलं जातं. तुमचा तसा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा: एक टप्पा गाळलात की त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे, परतीचेसुद्धा, रद्द होतात.

बॅग एकीकडे आणि प्रवासी दुसरीकडे, हा प्रश्न सुरक्षेचाही आहे, आणि त्याच्याशी आपला जवळचा संबंध आहे. जून 1985 मध्ये व्हँकुव्हरच्या काउंटरवर एका प्रवाशाने हट्ट धरून आपली बॅग पुढच्या विमानापर्यंत टॅग करून घेतली. त्याचं पुढचं तिकीट कन्फर्मसुद्धा नव्हतं. बॅग गेली, तो मात्र विमानात चढलाच नाही. 23 जूनला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलं आणि विमानातले सर्व 329 जण गेले. 1988 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचं विमान फुटलं, त्या स्फोटातही बाँब सोबत प्रवासी नसलेल्या बॅगेतच होता. तेव्हापासून बॅग आणि प्रवासी यांची जोडी जुळवण्याचा नियम कडक झाला. बॅग मुंबईपर्यंत टॅग करून दुबईत शहरात फिरायला गेलेला माणूस पुढच्या विमानाला वेळेवर आला नाही, तर विमानाच्या पोटात भरलेल्या शेकडो बॅगांतून त्याची एक हुडकून खाली काढावी लागते आणि विमान खोळंबतं.

काउंटरवर काय दाखवावं लागेल?

पासपोर्ट, पूर्ण प्रवासाचं तिकीट आणि मधल्या देशात शिरण्याचा हक्क. यातला तिसरा मुद्दा लोक विसरतात. बॅगांचा बेल्ट इमिग्रेशनच्या पलीकडे असतो, त्यामुळे बॅग घेणं म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करणं. ट्रान्झिटमध्ये बसून राहायला व्हिसा लागत नाही म्हणून बॅगेलाही लागणार नाही, हा हिशोब चुकीचा.

दुबईपुरतं बोलायचं तर अमेरिकन पासपोर्टवाल्यांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर पोचल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. हे काहीच नसेल तर ट्रान्झिट व्हिसा: 48 तासांचा मोफत, 96 तासांचा 50 दिरहॅमला, प्रक्रियेचा खर्च वेगळा. तो निघण्यापूर्वीच, तिथल्या विमान कंपनीमार्फत काढावा लागतो. दुबईत उतरल्यावर मागून मिळत नाही. अर्जाला पासपोर्टची प्रत, फोटो आणि पुढचं तिकीट लागतं. भारतीय पासपोर्टवर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला बाहेर पडून बॅग घ्यायची असेल तर शेंगेन व्हिसा हवा. तो नसेल तर बॅगेचा विषय तिथेच संपला.

बॅग घेतली की तिथलं कस्टम्स लागू

बॅग बेल्टवरून उचललीत की त्या देशाच्या कस्टम्सपुढे तिची मालकी तुमची. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या अमली पदार्थांत मोडते. आता आपली बॅग डोळ्यांसमोर आणा. दिवाळीनंतर लेकीकडे निघालेल्या आईच्या डब्यात अनारसे असतात, करंजीच्या सारणात खसखस असते, गोड्या मसाल्यात आणि कांदा-लसूण मसाल्यातही अनेक घरांत ती भाजून घालतात. विकतच्या पुड्यावरच्या घटकांच्या यादीतही ती सापडेल. आखाती विमानतळावरून जायचं असेल तर खसखस बॅगेत घालूच नका, बॅग मधे घ्यायची असो वा नसो. अनारसे तांदळाच्या पिठीवर थापले तरी चालतात. चव थोडी हुकेल, पण पोलिसांना ‘आमच्याकडे हे दिवाळीत खातात’ हे समजावत बसावं लागणार नाही.

औषधांचंही तसंच. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या आणि खोकल्याची काही औषधं तिथे नियंत्रित आहेत. त्यांना तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. आणि त्या मुळात हातातल्या बॅगेत हव्यात. मधेच बॅग मागण्याची निम्मी कारणं एक कपड्यांचा जोड आणि आठवड्याच्या गोळ्या केबिन बॅगेत ठेवल्या की उरत नाहीत.

आधी सांगायचं राहून गेलं तर

मधल्या विमानतळावर ट्रान्सफर डेस्कवर किंवा बॅगेज सर्व्हिसच्या काउंटरवर टॅगची पावती घेऊन जा. पावती म्हणजे बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेला तो छोटा स्टिकर. त्यावरच्या दहा आकडी क्रमांकावरून बॅग शोधतात. बॅग मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी बराच वेळ जाऊ शकतो. आठ तासांच्या मुक्कामात असला खटाटोप करू नये, असं माझं मत. पुढचं विमान रद्द झाल्यामुळे मुक्काम पडला असेल तर मात्र मागायला बिलकूल संकोच करू नका.

जिथे न मागता बॅग येते

अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावर सहसा बॅग स्वतः घ्यावी लागते, टॅगवर पुढचं गाव असलं तरी. कस्टम्स झालं की बाहेरच असलेल्या पट्ट्यावर ती पुन्हा सोडायची. ड्यूटी-फ्रीची बाटली हातात असेल तर ती याच वेळी बॅगेत टाका, पुढच्या सुरक्षा तपासणीत अडकणार नाही. अबू धाबी किंवा डब्लिनला अमेरिकेची तपासणी आधीच झाली असेल, तर बॅग थेट शेवटी मिळते.

भारतातही परदेशातून दिल्लीला उतरून पुण्या-नागपूरला जाताना बहुतेक वेळा दिल्लीतच बॅग घेऊन कस्टम्स पार करावं लागतं. काही कंपन्यांच्या काही विमानांना सवलत असते, म्हणून चढण्यापूर्वीच विचारून घ्या.

पुन्हा जमा करताना

तिकीट एकच असेल तर वजनाची मर्यादा सहसा तीच राहते. वेगळ्या तिकिटावर मात्र दोन बॅगांच्या 46 किलोंऐवजी देशांतर्गत मर्यादा लागू होऊ शकते, आणि जादा किलोचे पैसे जागेवर भरावे लागतात. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा शहरातून निघताना तो तास धरूनच वेळ मोजा. बॅग बेल्टवरून घेतलीत की चाकं, मूठ, कुलूप तिथेच तपासा. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रारीचा अहवाल करून घ्या. मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते.

आणि नवा टॅग लावण्यापूर्वी जुना फाडून टाका. बॅगेच्या अंगावर चिकटवलेले बारकोडचे बारके स्टिकरही खरवडून काढा, कारण आतली यंत्रं जो बारकोड आधी दिसेल तो वाचतात.